ओली ढेप आणि दुधातलं अफलाटॉक्सिन

दूध घेताना नागपूरचं गिऱ्हाईक दोन गोष्टी हमखास विचारतं: पाणी किती टाकलं, आणि युरिया-पावडर तर नाही ना. दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. पण भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, २०१८ मध्ये देशभरातल्या १,१०३ शहरांतून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले, तेव्हा चित्र वेगळंच निघालं. भेसळीमुळे पिण्यास असुरक्षित ठरलेले नमुने होते १२. प्रतिजैविकांचे अंश मर्यादेबाहेर गेलेले ७७. आणि अफलाटॉक्सिन एम-१, म्हणजे बुरशीच्या विषाचं दुधात उतरणारं रूप, मर्यादेबाहेर गेलेले ३६८, म्हणजे शंभरातले जवळपास सहा.

ज्याचं नाव दूधवाल्याच्या दारात कधी निघत नाही, ते या यादीत सर्वांत वर आहे. आणि ते कुणीही दुधात मिसळलेलं नसतं. गवळ्याची नियत साफ असते, भांडी घासूनपुसून ठेवलेली असतात, गाय तब्येतीने ठणठणीत असते, तरीही ते दुधात येतं. कारण ते तयार होतं गोठ्याच्या कोपऱ्यात, ओल धरलेल्या ढेपेच्या पोत्यात. म्हणून त्याचा बंदोबस्तही तिथेच करावा लागतो. दूध एकदा काढलं, की मग घरी काय आणि डेअरीत काय, करण्यासारखं फार थोडं उरतं. ही गोष्ट विदर्भातल्या प्रत्येक दूध उत्पादकापर्यंत आणि दूध पिणाऱ्या प्रत्येक घरापर्यंत पोहोचायला हवी असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा लेख.

आपल्याकडे ढेप म्हणजे मुख्यतः सरकीची. वेचलेला कापूस जिनिंगमध्ये गेला की वजनाने साधारण एक तृतीयांश रुई निघते आणि दोन तृतीयांश सरकी. सरकीचं तेल काढलं की मागे उरते ती ढेप. कापसाचा एवढा मोठा पट्टा असल्यावर ढेपही इथलीच. वायदे बाजारातसुद्धा सरकी ढेपेच्या सौद्यांचं मूळ केंद्र अकोला धरलं जातं. भंडारा-गोंदियात जनावरापुढे धानाची तणीस पडते, वर्धा-यवतमाळकडे कडबा आणि तुरीचं कुटार, पण दुभत्या जनावराला ढेप सगळीकडेच लागते. तिच्यात प्रथिनं असतात, थोडं तेल राहिलेलं असतं, आणि ढेप खाल्ली की दुधाला फॅट चांगली लागते हा इथल्या दूधवाल्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. ढेप वाईट नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो. वाईट आहे ती ओली ढेप.

अफलाटॉक्सिन बनवते ती बुरशी म्हणजे अस्परजिलस फ्लेवस आणि तिची सख्खी बहीण अस्परजिलस पॅरासिटिकस. दोघी मातीत राहतात, वाऱ्याबरोबर उडतात, धान्यावर, शेंगांवर, बोंडांवर जाऊन बसतात. त्यांच्यापासून सुटका नाही. पण नुसतं बसल्याने विष तयार होत नाही. त्यासाठी ऊब लागते आणि ओल लागते. २५ ते ३५ अंश सेल्सियस तापमान आणि हवेत भरपूर दमटपणा, म्हणजे मृगाचा पाऊस सुरू झाल्यापासून भादवा सरेपर्यंतचं आपलं नागपूर. मे महिन्याच्या ४५ अंशांच्या कोरड्या उन्हात ही बुरशी गप्प असते. जूनच्या मध्यानंतर तिचे दिवस येतात.

ओलीबद्दल एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. धान्य साठवताना त्यात १३-१४ टक्क्यांपर्यंत ओलावा असला तरी साधारण चालतं. भुईमुगाच्या दाण्यात मात्र ७-८ टक्क्यांच्या वर ओलावा चालत नाही. असं का? तेल पाण्याला धरून ठेवत नाही. दाण्याचा जवळजवळ अर्धा भाग तेल असेल, तर सगळं पाणी उरलेल्या अर्ध्या भागात कोंबलेलं असतं, आणि त्यातलं बरंच मोकळं, बुरशीला पिता येईल असं असतं. बुरशीला हिशेब असतो तो या मोकळ्या पाण्याचा. एकूण टक्केवारीशी तिला देणंघेणं नाही. म्हणून तेल असलेली कोणतीही गोष्ट, मग ती शेंगदाणे असो, खोबरं असो की ढेप, हाताला कोरडी लागली तरी बुरशीच्या दृष्टीने ओली असू शकते.

त्यात ढेपेचं पोतं जमिनीला टेकलेलं, मागची भिंत पावसाने झिरपणारी, वर गळकी टिनं. पोत्याचा खालचा कोपरा आधी ओलावतो. बुरशी वाढायला लागली की ती स्वतःच्या श्वसनातून आणखी ऊब आणि आणखी ओल तयार करते, मग शेजारचा थर धरतो. आठवड्याभरात पोत्याच्या पोटात हिरवट-पिवळी गाठ तयार होते, आणि वरून पोतं अगदी जसंच्या तसं दिसतं.

काही वेळा तर गोष्ट गोठ्यापर्यंत यायच्या आधी शेतातच सुरू झालेली असते. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात कापसाच्या सरकीत अफलाटॉक्सिन फार निघायचं. तिथल्या अभ्यासात दिसलं की गुलाबी बोंडअळी बोंडातून बाहेर पडताना जे भोक पाडते, त्यातून ही बुरशी आत शिरते आणि सरकीवर वाढते. बोंड फुटल्यावर दमट हवा लागली तर पुन्हा दुसऱ्यांदा विष तयार होतं. गुलाबी बोंडअळी विदर्भाला सांगावी लागत नाही. २०१७ च्या हंगामात तिने कपाशीची काय नासाडी केली हे इथल्या प्रत्येक कापूस उत्पादकाला ठाऊक आहे. फरदड (हंगाम संपल्यावरही झाडं उभी ठेवून काढलेलं जादा पीक) घेतलेला, अळीने पोखरलेला, वरून अवकाळी पावसात भिजलेला कापूस जिनिंगमध्ये आला, की त्याच्या सरकीची ढेप जनावरापुढे जाण्याआधी दोनदा विचार करायला हवा. कमी दर्जाच्या सरकीचं तेल गाळून शुद्ध करता येतं, आणि शुद्धीकरणात तेलातलं अफलाटॉक्सिन बरंचसं निघूनही जातं. ते मागे राहतं ढेपेतच.

टर्की पक्ष्यांपासून बांसवाड्यापर्यंत

या विषाची जगाला ओळखच मुळी ढेपेतून झाली. १९६० साली इंग्लंडमध्ये काही महिन्यांत एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले. आधी विषाणूचा संशय होता. कारण सापडेना म्हणून रोगाला 'टर्की एक्स' असंच नाव पडलं. शेवटी माग लागला तो ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या ढेपेचा. तिच्यातून जी द्रव्यं वेगळी निघाली ती अतिनील प्रकाशात काही निळी चमकली, काही हिरवी. त्यांनाच आज बी-१, बी-२, जी-१, जी-२ म्हणतात. यातलं बी-१ सर्वांत जहाल. आणि १९६३ मध्येच शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की अशी ढेप खाल्लेल्या गायीच्या दुधाचा अंश बदकाच्या पिल्लांना दिला तर त्यांच्या यकृतावर तेच घाव दिसतात जे ढेपेमुळे दिसतात. म्हणजे ढेपेतून दुधात विष उतरतं हे कळून ६० वर्षं उलटून गेली.

आपल्या देशातली घटना याहून जास्त वेदनादायक आहे. १९७४ च्या शेवटी राजस्थानातला बांसवाडा आणि गुजरातेतला पंचमहाल या आदिवासी भागांत कावीळ आणि पोटात पाणी होण्याची साथ आली. कापणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला होता, मका भिजला होता, आणि घरात खायला दुसरं काही नव्हतं. ३९७ माणसं आजारी पडली, १०६ दगावली. तेच अन्न खाणारी घरातली कुत्रीही मेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी मक्यातलं अफलाटॉक्सिन हे कारण शोधून काढलं. पुढे २००४ मध्ये केनियात पुन्हा मक्यामुळेच ३१७ जणांना बाधा झाली आणि १२५ मृत्यू झाले. दोन्हीकडे मेलेली माणसं गरीब होती. बुरशी दिसत असूनही फेकून द्यायला परवडत नव्हतं अशी.

अशी तीव्र विषबाधा विरळा. आपल्याला जास्त काळजी करायची आहे ती थोड्या मात्रेची, वर्षानुवर्षं पोटात जाणाऱ्या विषाची.

गायीच्या शरीरात काय होतं

गायीने ढेपेबरोबर बी-१ खाल्लं, की काही भाग पोटातच मोडला जातो आणि बाकीचा रक्तातून यकृतात जातो. यकृताचं कामच मुळी परक्या द्रव्यांना बाहेरची वाट दाखवण्याचं. बी-१ पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून यकृत त्याला ऑक्सिजन आणि हायड्रोजनची एक जोडी चिकटवतं. आता ते जास्त विरघळतं, मूत्रातून जातं, आणि दूध देणाऱ्या जनावरात दुधातूनही जातं. हे बदललेलं रूप म्हणजे अफलाटॉक्सिन एम-१. गाय आपल्या परीने विष बाहेर टाकत असते, आणि ते आपल्या पेल्यात येतं.

माणसाच्या यकृतात बी-१ गेलं तरी असंच काहीसं होतं. मात्र तिथे त्याचं आणखी एक रूप तयार होतं, फार आक्रमक, जे थेट पेशीच्या डीएनएला जाऊन चिकटतं. अफलाटॉक्सिन जास्त असलेल्या प्रदेशांतल्या यकृताच्या कर्करोगाच्या गाठी तपासल्या तेव्हा १९९१ मध्ये संशोधकांना टीपी-५३ नावाच्या, कर्करोग रोखणाऱ्या जनुकात ठराविक एकाच जागी, २४९ व्या स्थानावर, तीच ती चूक पुन्हा पुन्हा दिसली. विष आणि रोग यांचं नातं इतकं स्पष्ट दिसावं असं कर्करोगाच्या अभ्यासात क्वचित घडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अफलाटॉक्सिनांना माणसात कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात टाकलं आहे, तंबाखूच्या धुराबरोबर.

मग दूध प्यायचं सोडायचं का? मुळीच नाही, आणि कारणही सांगतो. एम-१ ची कर्करोग घडवण्याची ताकद बी-१ च्या साधारण एक दशांश धरली जाते. शिवाय दुधातलं प्रमाण फार सूक्ष्म असतं. भारतात मर्यादा आहे किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम. म्हणजे २० लाख लिटर दुधात एक ग्रॅम, दहा-दहा हजार लिटरच्या २०० टँकरमध्ये चिमूटभर. लेकराच्या वाढीला दुधातून जे मिळतं ते या धोक्यापायी सोडून देणं म्हणजे रोगापेक्षा औषध वाईट. पण मोठ्या माणसापेक्षा लेकरू वजनाच्या मानाने कितीतरी जास्त दूध पितं, हेही तितकंच खरं. म्हणूनच युरोपीय संघाने आपल्या दशांश मर्यादा ठेवली आहे, ०.०५ मायक्रोग्रॅम, आणि तान्ह्या बाळांच्या दूध-पावडरीसाठी त्याच्याही निम्मी. अमेरिकेची मर्यादा आपल्याएवढीच, ०.५.

आता थोडा हिशेब मांडू, कारण सगळी गोम त्यात आहे. समजा एक संकरित गाय दिवसाला ३ किलो ढेप खाते आणि ८ लिटर दूध देते. ढेपेत किलोमागे १०० मायक्रोग्रॅम बी-१ आहे. म्हणजे रोज ३०० मायक्रोग्रॅम पोटात गेलं. यातलं साधारण १ ते २ टक्के एम-१ होऊन दुधात उतरतं. भरपूर दूध देणाऱ्या गायीत हे ६ टक्क्यांपर्यंतही जातं. आपण २ टक्के धरू. ६ मायक्रोग्रॅम भागिले ८ लिटर, म्हणजे लिटरला ०.७५. भारताची मर्यादा ओलांडली. आता तीच गाय, तेवढीच ढेप, पण ढेपेत बी-१ फक्त २० मायक्रोग्रॅम, म्हणजे भारतीय मानक ब्युरोने तयार पशुखाद्यासाठी घालून दिलेल्या मर्यादेएवढं. उत्तर येतं ०.१५. आपल्या मर्यादेच्या खूप आत, युरोपच्या मर्यादेच्या तिप्पट.

दोन्ही उदाहरणांत गाय तीच, गवळी तोच, भांडी तीच. बदललं काय, तर पोतं. दुधाच्या मर्यादेवर परिषदांतून वाद घालायला हरकत नाही, पण माझं स्पष्ट मत आहे की कागदावर दुधाचा आकडा खाली आणण्याआधी ढेपेचा आकडा जमिनीवर पाळला जायला हवा. एफएसएसएआयनेही त्या सर्वेक्षणाच्या वेळी हेच म्हटलं होतं, की हे विष चाऱ्या-खाद्यातून येतं आणि त्यावर देशात पुरेसं नियंत्रण नाही. बाजारात सुटी ढेप घेताना भाव विचारला जातो, घाणी कोणती ते विचारलं जातं. अफलाटॉक्सिनचा अहवाल मागितल्याचं ऐकिवात नाही.

त्या हिशेबात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, जिने मला अस्वस्थ केलं. संकलन केंद्रावर शंभर गोठ्यांचं दूध एकत्र होतं. एखाद्याची ढेप फारच खराब असली तरी त्याचं दूध इतरांच्या दुधात मिसळून पातळ होतं, आणि शहरातल्या पाकिटात येईपर्यंत प्रमाण सरासरीवर येतं. पण ज्याच्या दारात एकच गाय बांधलेली आहे, ज्याचं पोतं सडलं आहे, त्याच्या घरचं लेकरू मात्र रोज त्याच गायीचं, न मिसळलेलं दूध पितं. सर्वांत मोठी मात्रा त्याच्या पोटात जाते ज्याने ती ढेप पैसे मोजून आणली. म्हणून ही गोष्ट शेतकऱ्याला दटावून सांगायची नाही. त्याच्या लेकरासाठी सांगायची आहे.

यावरून पाकिटातलं दूध आपोआप निर्धोक ठरतं असंही समजू नका. त्याच सर्वेक्षणात कच्च्या दुधापेक्षा प्रक्रिया केलेल्या दुधात ही अडचण जास्त दिसली होती. पाश्चरायझेशनमध्ये दूध ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवतात. त्याने जंतू मरतात. अफलाटॉक्सिन जंतू नाही, रसायन आहे. शुद्ध रूपात ते मोडायला अडीचशे अंशांच्या आसपास तापमान लागतं. घरी तीनदा उतू जाऊ दिलं तरी दूध १०० अंशांच्या फार वर जात नाही. (दूध उकळणं मात्र सोडू नका. क्षयरोग, ब्रुसेला अशा रोगांच्या जंतूंसाठी ते हवंच.)

दुधापासून पदार्थ केले की काय होतं, हेही पाहण्यासारखं आहे. एम-१ दुधातल्या केसीन या प्रथिनाला चिकटतं. म्हणून दूध फाटवून पनीर केलं की वजनाच्या मानाने त्याचं प्रमाण पनीरमध्ये वाढतं. खव्यात पाणी उडून जातं, विष राहतं, त्यामुळे तिथेही ते दाट होतं. लोण्यात फार थोडं जातं, तुपात तर नगण्य. ज्या घरात तुपाचा संशय जास्त आणि पनीरचा कमी, त्यांनी या एका बाबतीत उलटं समजावं.

तपासणी का अवघड आहे

शितावरून भाताची परीक्षा करायची आपली रीत. अफलाटॉक्सिनच्या बाबतीत ती सपशेल फसते. दुधात विष सारखं पसरलेलं असतं, त्यामुळे दुधाचा नमुना भरवशाचा. पण ढेप, शेंगदाणे, मका, मिरची यांत ते ठिगळांसारखं असतं. हजार दाण्यांतल्या एकाद-दुसऱ्या दाण्यात इतकं विष असू शकतं की सगळी गोणी मर्यादेबाहेर जावी. तो दाणा तुमच्या मुठीत आला नाही तर अहवाल स्वच्छ येतो. या तपासणीत सर्वांत मोठी चूक यंत्राची नसते, नमुना घेण्याची असते. म्हणून गोणीच्या तोंडाशी हात घालून मूठभर उचलायचं नसतं. अनेक गोण्यांतून, वरून, मधून, तळातून थोडं थोडं घ्यायचं, सगळं एकत्र दळायचं, मग त्यातून लहान नमुना काढायचा. प्रयोगशाळेत त्यानंतर एचपीएलसी नावाच्या यंत्रावर नेमका आकडा काढतात. दूध संकलन केंद्रावर पट्टीची चाचणी पुरते: पट्टी दुधात बुडवायची, काही मिनिटांत रेघ उमटते की नाही ते पाहायचं.

याच ठिगळी स्वभावामुळे घरातल्या बायांची एक जुनी सवय अतिशय मोलाची ठरते. शेंगदाणे सुपात घेऊन सुरकुतलेले, काळपट, कुजके दाणे वेचून बाजूला काढणं. विष थोड्याच दाण्यांत एकवटलेलं असतं, त्यामुळे ते थोडे दाणे निघाले की विषाचा मोठा भाग निघून जातो. शेंगदाणा-प्रक्रियेच्या मोठ्या कारखान्यांतही रंग ओळखणारी यंत्रं हेच काम करतात. फक्त, वेचलेले खराब दाणे पुढे जातात कुठे, ते बघा. बहुतेक घरांत ते गायीपुढे टाकले जातात. बुरशी आलेली पोळी, किडका दाणा, भिजून काळी पडलेली ज्वारी, सगळं जनावराला. अन्न वाया जाऊ नये ही भावना चांगली आहे. पण माणसाने नाकारलेली बुरशी गायीला घालणं म्हणजे तिचंच विष दिवसाभरात पेल्यातून परत घेणं.

मिरचीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण कळमना बाजार आणि भिवापुरी मिरचीच्या मुलखात तो विषय टाळता येत नाही. मिरची जमिनीवर वाळत पडते, देठापाशी ओल राहते, मध्येच ढग येतात. तीत अफलाटॉक्सिन सापडतं, आणि मसाल्यांसाठी भारताची मर्यादा किलोमागे ३० मायक्रोग्रॅम आहे. मात्र मिरची आपण चमचाभर खातो, दूध पेलाभर. अख्खी मिरची घेऊन, फोडून आत काळी भुरी नाही ना पाहून, कडक उन्हात वाळवून घरी कुटलेली बरी.

आणखी एक उपाय ऐकून आश्चर्य वाटेल, तो लशीचा आहे. हिपॅटायटिस-बी या यकृतावर हल्ला करणाऱ्या विषाणूची लागण असलेल्या माणसात अफलाटॉक्सिनची कर्करोग घडवण्याची ताकद लागण नसलेल्या माणसाच्या साधारण ३० पट असते, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १९९८ मध्ये मांडला. हिपॅटायटिस-बीची लस सरकारी लसीकरणात मोफत आहे आणि पहिली मात्रा जन्मल्यानंतर २४ तासांच्या आत द्यायची असते. बाळंतपण सरकारी दवाखान्यात होवो की खासगी, ती मात्रा दिली का, हे विचारून घ्या.

गोठ्यात करण्यासारखं

पावसाळ्यात ढेप थोडी थोडी आणा. भाव कमी आहे म्हणून दोन महिन्यांची भरून ठेवली, की वाचलेले पैसे पोत्याच्या तळाशी सडतात. पोती लाकडी फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून हातभर दूर, वर गळत नाही ना बघून. रात्री भिजवलेली ढेप सकाळी संपेल एवढीच भिजवा. टोपल्यात राहिलेल्या जुन्या ढेपेत नवी टाकू नका. कुबट वास आला, हिरवट-पिवळी गाठ दिसली, तर तेवढी गाठ काढून बाकीची वापरू नये. बुरशीचे धागे दिसतात त्याच्या पलीकडे गेलेले असतात, आणि विष त्यांच्याबरोबर. धुऊन, उन्हात घालूनही ते निघत नाही.

ढेपेबद्दल खात्री नसेल तर टॉक्सिन बाइंडर मिळतो. बेंटोनाइटसारख्या चिकणमातीचं ते चूर्ण असतं. पोटातच ते बी-१ ला धरून ठेवतं आणि शेणावाटे बाहेर नेतं. दुधातलं प्रमाण त्याने घटतं, शून्य होत नाही. किती आणि कोणता द्यायचा ते पशुवैद्यकाला विचारून ठरवा. बाइंडर आहे म्हणून सडकी ढेप चालवून घेणं हा त्याचा उपयोग नव्हे.

मोठ्या पातळीवर अ‍ॅरिझोनाने दोन वाटा चोखाळल्या. एक म्हणजे खराब सरकीवर अमोनियाची प्रक्रिया करून विषाचा रेणू मोडणं. दुसरी वाट मला फार हुशारीची वाटते. याच बुरशीत काही वाण असे असतात जे विष बनवूच शकत नाहीत. अमेरिकेच्या कृषी खात्यातले शास्त्रज्ञ पीटर कॉटी यांनी त्यातला एएफ-३६ हा वाण निवडला. तो निर्जीव केलेल्या धान्याच्या दाण्यांबरोबर कपाशीच्या शेतात पसरतात. तो आधी जागा धरतो आणि विषारी बुरशीला वाव उरत नाही. २००३ मध्ये तिथे कापसासाठी त्याची नोंदणी झाली. पुढे याच तत्त्वावर आफ्रिकेत मका आणि भुईमुगासाठी तिथले स्थानिक वाण वापरले गेले. विदर्भासाठी विदर्भाच्या मातीतलेच वाण शोधावे लागतील. केंद्रीय कापूस संशोधन संस्था नागपुरात आहे, महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय नागपुरात आहे. कापूस आणि गाय या दोन्हींचा अभ्यास ज्या शहरात चालतो, तिथे या दोघांमधल्या पोत्यावर एकत्र काम व्हावं, ही अपेक्षा फार मोठी नाही.

आणि संकलन केंद्रावर पट्टीने दूध नापास ठरवलं तर घाबरून गाय विकायला काढू नका. ढेप खाल्ल्यापासून १२ ते २४ तासांत एम-१ दुधात दिसू लागतं, आणि खराब खाद्य बंद केल्यावर साधारण तीन ते पाच दिवसांत ते दुधातून जवळजवळ निघून जातं. त्या दिवशीपासून जुनं पोतं बंद करा, कोरडी नवी ढेप किंवा तयार पशुखाद्य सुरू करा, आठवड्याने पुन्हा पट्टी लावून बघा. तोवरचं दूध घरातल्या लेकरांना देऊ नका. आणि ते जुनं पोतं कोंबड्यांपुढेही रिकामं करू नका; कोंबड्या-बदकांना हे विष गायीपेक्षा कितीतरी लवकर लागतं.